वाईट सवय सोडताना तिच्या जागी काय आणायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाईट सवय नुसती थांबवली तर काय बिघडतं? तिच्या जागी दुसरं काही कशाला हवं?

सवय थांबवली तरी तिचं निमित्त थांबत नाही. जेवणानंतर सिगारेट ओढणाऱ्याचं जेवण रोज होणारच, आणि काम अडलं की फोन उचलणाऱ्याचं काम रोज कुठेतरी अडणारच. निमित्त आलं आणि त्या क्षणी करायला दुसरं काही ठरलेलं नसलं, की हात जुन्याच कामाकडे जातो. तेवढंच एक अंगवळणी पडलेलं असतं.

शिवाय 'हे करायचं नाही' असं स्वतःला बजावत राहिलं तर तीच गोष्ट सतत डोक्यात राहते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, असं लोकांना सांगितलं, तरी तो विचार मिनिटाला एकाहून जास्त वेळा आला. नंतर मोकळीक दिल्यावर तर याच लोकांच्या मनात तो जास्त घोळला. ज्यांना आधीपासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षाही जास्त.

म्हणून पुढच्या सगळ्या उत्तरांचा रोख एकच आहे: निमित्त तेच राहू द्या, त्याला जोडलेलं काम बदला, आणि जुन्या कामातून जी गरज भागत होती तीच नव्यातून भागेल असं बघा. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या हातून सुटते.

सवय मेंदूतून कायमची पुसली जाते का?

नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं. वारंवार केलेलं काम मेंदूच्या आतल्या भागात, बेसल गँग्लियामध्ये, एकसंध तुकडा म्हणून साठवलं जातं. ॲन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं, की चक्रव्यूहातली वाट पाठ झाल्यावर या भागातल्या पेशी मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटी जोरात चालतात. मधला भाग जणू आपोआप पार पडतो. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून दुसरी गोष्ट कळली: शिकून झाल्यावर डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी बक्षीस मिळाल्यावर नाही, तर बक्षिसाची चाहूल लागताच जाग्या होतात. पाकीट नुसतं दिसलं तरी तलफ येते, ती यामुळेच.

नवी सवय लावली म्हणजे जुन्यावर दुसरं शिकणं चढतं, खालचं तसंच राहतं. दोन वर्षांनी जुन्या मित्रांमध्ये, जुन्या जागी बसल्यावर हात पुन्हा शिवशिवला, तर तुमची मेहनत वाया गेली असं समजू नका. ते अपेक्षितच आहे, आणि त्याची तयारी आधी करता येते.

सुरुवात कुठून करायची?

नोंदीपासून. पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त लिहा. प्रत्येक वेळी या गोष्टी टिपा:

- वेळ आणि जागा
- सोबत कोण होतं
- त्याच्या अगदी आधी तुम्ही काय करत होता
- मनाची किंवा शरीराची अवस्था (भूक, कंटाळा, चिडचिड, थकवा, एकटेपणा)
- तलफ किती होती, ० ते १० मध्ये
- १५ मिनिटांनी कसं वाटलं

तिसरी ओळ सगळ्यात कामाची. 'दुपारी कंटाळा आला' या नोंदीवर काही करता येत नाही; 'बैठक संपवून खुर्चीत बसलो' यावर करता येतं, कारण तो क्षण नेमका पकडता येतो.

नोंद त्याच वेळी करायची. रात्री आठवून लिहिलेल्या नोंदीत नेमक्या नकळत घडलेल्या वेळा गळतात, आणि सवयीचा मोठा भाग तोच असतो. लिहायला कंटाळा येत असेल तर खिशातल्या कागदावर वेळ आणि एक शब्द, एवढं पुरे. नुसतं मोजू लागल्यावरही बऱ्याच जणांची सवय थोडी कमी होते. त्यावर खूश होऊन नोंद सोडू नका, हा परिणाम टिकत नाही.

आठवड्याच्या शेवटी कागद समोर ठेवा. वीस-तीस नोंदींमागे सहसा दोन-तीनच निमित्तं निघतात. त्यांतलं सगळ्यात जास्त वेळा येणारं एक निवडा आणि बदल तिथूनच सुरू करा.

त्या सवयीतून मला नेमकं काय मिळतं, हे कसं ओळखायचं?

करून बघून. आपल्याला वाटतं ते कारण आणि खरं कारण यांत बरंच अंतर असतं. समजा, रोज चारच्या सुमाराला गोड खाल्लं जातं. यामागे चार वेगवेगळ्या गरजा असू शकतात: भूक, थकवा, कोणाशी तरी बोलावंसं वाटणं, किंवा समोरच्या कामापासून सुटका. प्रत्येकीला दोन-दोन दिवस द्या. पहिले दोन दिवस त्या वेळी एखादं फळ खा. पुढचे दोन दिवस दहा मिनिटं उजेडात चालून या. मग दोन दिवस फक्त उठून एखाद्या सहकाऱ्याशी बोला. शेवटचे दोन दिवस हातातलं काम बाजूला ठेवून दुसरं, सोपं काम घ्या. प्रत्येक वेळी १५ मिनिटं थांबून तलफेचा आकडा पुन्हा लिहा. ज्या दिवशी आकडा खरोखर खाली आला, त्या दिवशी जे केलं तीच तुमची गरज.

चालून आल्यावर बरं वाटतं, पण खुर्चीत बसताक्षणी तलफ परत येते, असं झालं तर मूळ बहुधा त्या कामात आहे. तिथे खाण्याला पर्याय शोधून फार काही साधणार नाही. अडलेल्या कामाचे तुकडे पाडणं किंवा कोणाला तरी विचारणं, हाच तिथला पर्याय.

चांगली पर्यायी सवय कशी निवडायची?

निवडताना हे बघा.

तिने तीच गरज भागवली पाहिजे. सिगारेटमुळे दर दोन तासांनी जागेवरून उठणं होत असेल, तर जागेवर बसून चघळायची गोळी अर्धीच गरज भागवते. उठून बाहेर जाणं कायम ठेवा, फक्त हातात सिगारेट नको.

ती अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू करता यावी. तलफ आल्यावर कपडे बदलून व्यायामशाळेत जाणं होत नाही. जागच्या जागी वीस उठाबशा होतात, जिना उतरून परत चढणं होतं. मोठा व्यायाम हवाच असेल तर त्याची वेगळी वेळ ठरवा. तलफेच्या क्षणी त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

जुनं आणि नवं एकाच वेळी करता येऊ नये, ही अट फार उपयोगी पडते. विणकाम करताना नखं कुरतडता येत नाहीत. गाणी ऐकताना मात्र सहज येतात, म्हणून गाणी ऐकणं हा नखं खाण्याला पर्याय नाही.

ती जिथे लागेल तिथे हजर हवी. घरी पुस्तक हा पर्याय ठरवला आणि तलफ प्रवासात आली, तर पुस्तक पिशवीत हवं.

आणि ती केल्यावर लगेच थोडं बरं वाटलं पाहिजे. 'पाच वर्षांनी हृदय चांगलं राहील' हा मोबदला खरा आहे, पण सवय ज्या यंत्रणेने लागते तिला इतक्या लांबचं दिसत नाही.

ठरवलेलं ऐन वेळी आठवतच नाही. काय करावं?

'जर–तर'चं वाक्य लिहा. पीटर गोलविट्झर यांनी १९९०च्या दशकात या पद्धतीवर बरंच काम केलं. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्काल शीरन यांनी ९४ चाचण्या एकत्र तपासल्या. नुसता निश्चय करण्यापेक्षा असं वाक्य ठरवणाऱ्यांच्या हातून ठरवलेली गोष्ट स्पष्टपणे जास्त वेळा घडली.

वाक्याचा पहिला भाग डोळ्यांना दिसणारा किंवा कानांना ऐकू येणारा हवा. 'जर ताण आला तर मी शांत राहीन' हे वाक्य निरुपयोगी आहे: ताण कधी सुरू झाला ते कळत नाही, आणि शांत राहायचं म्हणजे काय करायचं तेही ठरलेलं नाही. 'जर मी जेवणाचं ताट धुवायला ठेवलं, तर चूळ भरून थेट दाराबाहेर पडेन आणि दहा मिनिटं चालेन' हे वाक्य चालतं.

दुसऱ्या भागात 'नाही' नको. 'जर कंटाळा आला तर फोन बघणार नाही' या वाक्याने कंटाळा आणि फोन यांचीच जोडी पक्की होते. काय करणार ते लिहा.

मग त्याची तालीम करा. त्याच जागी उभं राहून, प्रत्यक्ष हालचाल करून, पाच ते दहा वेळा. ताट ठेवा, चूळ भरा, दार उघडा. हे थोडं विचित्र वाटतं म्हणून बरेच जण टाळतात, आणि नेमका पहिला आठवडा तिथेच गडबडतो.

तलफ आलीच तर पुढची दहा मिनिटं कशी काढायची?

तलफ लाटेसारखी असते: चढते, शिखरावर येते, उतरते. व्यसनमुक्तीत ॲलन मार्लाट यांनी रुजवलेलं तंत्र याच कल्पनेवर उभं आहे. निकोटीनची एक तलफ बहुतेक वेळा काही मिनिटांतच ओसरते. ती वाढतच जाईल असं वाटतं, कारण शिखर येण्याआधीच आपण तिला शरण जातो आणि उतार कधी पाहिलेलाच नसतो.

आधी मनात नाव घ्या: 'ही तलफ आहे, आकडा ७.' लगेच जागा सोडा. खोली बदलली तरी चालेल. ठरवलेलं पर्यायी काम सुरू करा. ते जमत नसेल तर श्वास सावकाश घ्या, मिनिटाला सुमारे सहा, आणि सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा. भरभर चालण्याने सिगारेटची तलफ तात्पुरती कमी होते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पाच मिनिटंही पुरतात. दहा मिनिटांनी आकडा पुन्हा लिहा.

'फक्त एकच' किंवा 'उद्यापासून नक्की' अशी मनाशी घासाघीस सुरू झाली की हरण्याची शक्यता वाढते. म्हणून विचार करत बसण्याआधी शरीर हलवायचं. आणि तलफ पूर्ण गेली का, यावरून यश मोजू नका. पर्यायी काम केलं का, एवढंच मोजा.

नवी सवय २१ दिवसांत लागते, हे खरं आहे का?

नाही. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनच्या १९६०च्या लेखनातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे 'किमान' गळालं आणि चेहराही गळाला.

प्रत्यक्ष मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलं. ते २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. ९६ जणांनी खाणं, पिणं किंवा व्यायाम यांपैकी एक नवी गोष्ट १२ आठवडे रोज केली. ती आपोआप घडू लागायला मध्यम मानाने ६६ दिवस लागले. सगळ्यात कमी १८ दिवस, सगळ्यात जास्त २५४. आणि हा शेवटचा आकडा वक्ररेषा पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे, कारण अभ्यास तेवढा लांब नव्हताच. पाणी पिण्यासारखं सोपं काम लवकर बसलं, व्यायामाला बराच जास्त वेळ लागला. लक्षात घ्या, हे लोक नवी सवय लावत होते, जुनी मोडत नव्हते. जुनीच्या जागी नवी आणायची असेल तर दोन ते तीन महिन्यांची तयारी ठेवलेली बरी.

एक दिवस चुकला तर सगळं वाया गेलं का?

लॅली यांच्याच अभ्यासात एखादी संधी चुकल्याने सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही. नुकसान होतं ते चुकीनंतरच्या विचारामुळे: 'आता मोडलंच आहे, तर आजचा दिवस जाऊ दे.' आजचा दिवस म्हणता म्हणता आठवडा जातो, आणि पहिले पाढे पंचावन्न.

म्हणून चुकीनंतर काय करायचं तेही आधीच लिहून ठेवा. पुढच्या निमित्ताला, म्हणजे त्याच दिवशी, ठरलेलं पर्यायी काम करायचं. सोमवारची वाट पाहायची नाही. मग दोन ओळी लिहायच्या: निमित्त कोणतं होतं, आणि पर्याय हाताशी का नव्हता. उत्तर बहुतेक वेळा साधं निघतं: झोप कमी झाली होती, पिशवी बदलली होती, पाहुणे आले होते. सिगारेट किंवा दारूच्या बाबतीत उरलेलं पाकीट, उरलेली बाटली त्याच क्षणी घराबाहेर गेली पाहिजे. 'विकत घेतलंय, संपवून टाकू' हा विचार एका चुकीच्या वीस चुका करतो.

माझी इच्छाशक्तीच कमी आहे. मला जमेल का?

जमेल. इच्छाशक्तीवर जेवढा कमी भार टाकाल तेवढं सोपं जाईल. संयम वापरला की तो संपत जातो, हा एके काळी फार गाजलेला सिद्धांत २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून तपासला, दोन हजारांहून जास्त लोकांवर, आणि परिणाम जवळजवळ शून्य निघाला. तेव्हा 'आज माझी शक्ती संपली' हे स्वतःला सांगणंही फारसं बरोबर नाही.

परिस्थितीचा जोर मात्र पक्का आहे. डेव्हिड नील, वेंडी वुड आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चित्रपटगृहातल्या प्रेक्षकांना काहींना ताजे, काहींना सात दिवसांचे शिळे पॉपकॉर्न दिले. चित्रपट बघताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय असलेल्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले, आवडत नाहीत असं सांगूनसुद्धा. त्यांना नेहमीचा हात सोडून दुसऱ्या हाताने खायला लावलं, तेव्हा मात्र शिळे कमी खाल्ले गेले. एवढ्याशा अडथळ्याने आपोआप चाललेलं काम तुटतं.

घरात हेच करायचं. जुन्या सवयीच्या वाटेत दोन-तीन पायऱ्या वाढवा: बिस्किटांचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर आणि शिडी दुसऱ्या खोलीत, ॲप काढून टाका, खात्यातून बाहेर पडा, पासवर्ड लांबलचक ठेवा, लायटर जवळ बाळगू नका. नव्या सवयीच्या वाटेतल्या पायऱ्या काढून टाका: बूट दाराशी, पाण्याची भरलेली बाटली टेबलावर, पुस्तक उशीवर उघडं. वस्तू नजरेआड केली की तलफ किती वेळा येते हेच बदलतं, आणि आलेल्या प्रत्येक तलफेशी झुंजण्यापेक्षा हे कितीतरी हलकं काम आहे.

नखं खाणं, केस ओढणं अशा नकळत होणाऱ्या सवयींचं काय?

यांच्यासाठी चांगली तपासलेली पद्धत आहे. नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३ मध्ये ती मांडली. आधी हालचालीची ओळख: आरशासमोर ती सावकाश करून बघा आणि सुरुवातीची चाहूल शोधा. नखांच्या बाबतीत ती सहसा अशी असते: बोटाने दुसऱ्या बोटाचं खडबडीत टोक चाचपणं, किंवा हात हनुवटीवर टेकणं.

मग विरोधी हालचाल. चाहूल लागताच मूठ अलगद आवळा, हात शरीरालगत खाली ठेवा आणि १ ते ३ मिनिटं तसंच राहा. मूठ दुखेल इतकी आवळायची नाही, आणि चारचौघांत कोणाच्या लक्षात येणार नाही अशी हालचाल हवी; नाहीतर लाजेपोटी ती केलीच जात नाही. हात तोंडात गेल्यावर लक्षात आलं तरी ती करायचीच. सुरुवातीला बहुतेक वेळा असंच उशिरा लक्षात येतं; दोन-तीन आठवड्यांत ते हळूहळू आधी येऊ लागतं.

जोडीला कानस सतत जवळ ठेवा, कारण खडबडीत टोक हेच मोठं निमित्त असतं. कडू लेप आठवण करून देतो, पण एकटा पुरत नाही. बोटाचं नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढतं, त्यामुळे पहिल्या महिन्यातच फरक दिसतो. केस ओढल्याने टक्कल पडत असेल किंवा त्वचा सतत सोलली जात असेल, तर ही पद्धत जाणणाऱ्या मानसतज्ज्ञाची मदत घ्या.

रात्री अंथरुणात फोन बघणं कसं सुटेल?

फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्ज करा आणि गजराचं वेगळं घड्याळ आणा. या दोन गोष्टी केल्याशिवाय बाकी उपायांना फारसा अर्थ नाही. गजर फोनवर असला की फोन उशाशी येतोच. तातडीचे फोन घ्यावे लागत असतील तर तेवढ्या क्रमांकांचा आवाज चालू ठेवा आणि फोन दाराबाहेर ठेवा.

अंथरुणात फोनच्या जागी छापलेलं, शांत वाचन आणा, दिवा मंद ठेवून. झोपायची वेळ एकदम दोन तास आधी आणायचा प्रयत्न करू नका. नुसतं तळमळत पडाल आणि फोन आठवेल. उठायची वेळ पक्की करा, आणि झोपायची वेळ दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटांनी अलीकडे आणा. साधारण २० मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं तर उठून दुसऱ्या जागी बसा, पेंग आली की परत या. रिचर्ड बुटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या आणि आजही निद्रानाशावर वापरल्या जाणाऱ्या उपचारातला हा भाग आहे: अंथरूण म्हणजे झोप, एवढीच जोडी उरली पाहिजे.

सिगारेटच्या जागी काय?

इथे दोन वेगळ्या गोष्टी गुंतलेल्या असतात: निकोटीनची गरज आणि हातातोंडाचा चाळा. दोन्हींची सोय वेगवेगळी करावी लागते. रक्तातलं निकोटीन सुमारे दोन तासांत निम्मं होतं. सोडल्यावरचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो.

निकोटीनसाठी पट्टी किंवा च्युइंगम आहे. उठल्यापासून ३० मिनिटांच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचं, नाहीतर २ मिलिग्रॅमचं. ते नेहमीच्या च्युइंगमसारखं चावत राहायचं नसतं. सावकाश चावा, जीभ चुरचुरली की थांबा, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवा, चुरचुर गेली की पुन्हा चावा. असं सुमारे ३० मिनिटं. भरभर चावलं की निकोटीन पोटात जातं, उचक्या आणि मळमळ होते आणि तलफ मात्र राहते. आधीची १५ मिनिटं आणि चघळताना काही खाऊ-पिऊ नका. कॉफी, फळांचा रस, शीतपेयं यांतल्या आम्लामुळे निकोटीन नीट शोषलं जात नाही. गरोदर असाल किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन ही सिगारेट सोडायला मदत करणारी औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. धुरामुळे यकृतात कॅफीनचा निचरा वेगाने होतो. सिगारेट सोडल्यावर तेवढ्याच कॉफीने रक्तातलं कॅफीन बरंच वाढतं. धडधड, हातांची थरथर, झोप उडणं, हे सगळं सिगारेट सोडल्याचं समजलं जातं, आणि मूळ असतं कॉफीत. म्हणून सोडण्याच्या दिवसापासून कॉफी निम्मी करा. क्लोझापिन, ओलान्झापिन ही मानसिक आजारांवरची औषधं घेणाऱ्यांनी सिगारेट सोडण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण या औषधांचीही रक्तातली मात्रा तशीच वाढते.

कॉफी आणि गोड पेयं कमी करायची आहेत.

कॉफी एकदम बंद केली तर १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत वाढते आणि आठवडाभरही टिकू शकते. दर आठवड्याला पाव भाग कमी करा. कप, वेळ, बसायची जागा तीच ठेवा, आतला पदार्थ बदला: आधी कमी कडक, मग अर्धी कॅफीनविरहित.

३३० मिलिलिटर कोलाच्या डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेप्रमाणे २००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत हवी, शक्यतो २५. कोला सोडताना साधं पाणी अनेकांना पुरत नाही, कारण हवा असतो तो बुडबुड्यांचा झटका आणि गारवा. थंडगार सोडा, त्यात लिंबू पिळून, हा जास्त जवळचा पर्याय.

दारूच्या बाबतीतही हेच लागू आहे का?

अधूनमधून चारचौघांत घेणाऱ्यांना बऱ्याच अंशी हो: ग्लास हातात राहू द्या, पहिल्यापासूनच त्यात दारू नसलेलं पेय असू द्या, रिकाम्या हातात कोणी ना कोणी ग्लास देतोच.

रोज बरीच दारू पिणाऱ्याने मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. शेवटचं प्यायल्यानंतर ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, भास, ताप, जोराचा कंप अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. सकाळी हात थरथरणं आणि घोट घेतल्यावर ते थांबणं, ही स्पष्ट खूण आहे. अशा वेळी आधी डॉक्टर, पर्यायी सवयीचा विचार नंतर. रोज घेतल्या जाणाऱ्या बेन्झोडायझेपिन गटातल्या झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्यांनाही हेच लागू.

एका वेळी किती सवयी बदलाव्यात?

एक. सिगारेट, साखर, फोन आणि व्यायाम सगळं एकाच तारखेला सुरू केलं की एक ना धड भाराभर चिंध्या. अपवाद एवढाच, की दोन सवयी एकाच निमित्ताला बांधलेल्या असतील, जशी कॉफी आणि सिगारेट, तर त्या सोबत हाताळाव्या लागतात.

पर्यायी सवयच डोईजड झाली तर?

होतं असं. सिगारेटच्या जागी दिवसभर गोड गोळ्या, फोनच्या जागी दूरचित्रवाणी, दारूच्या जागी दुखापत असतानाही न थांबणारा व्यायाम. महिन्यातून एकदा स्वतःला विचारा: हे नाही केलं तर मी किती अस्वस्थ होतो, आणि याची मात्रा वाढत चालली आहे का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर निमित्त तेच ठेवून पर्याय बदला. सोडल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत थोडं वजन वाढलं म्हणून सिगारेटकडे परत मात्र जाऊ नका. सिगारेटचं नुकसान त्याहून कितीतरी मोठं आहे.

घर किंवा नोकरी बदलताना सवय बदलणं सोपं जातं का?

हो, कारण जुनी निमित्तं मागे राहतात. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले बहुतेक अमेरिकी सैनिक मायदेशी परतल्यावर पुन्हा आहारी गेले नाहीत, हे ली रॉबिन्स यांनी १९७०च्या दशकात दाखवलं. नव्या जागी पहिल्या दिवसापासूनच नवी व्यवस्था लावा. एकदा जुनी सवय तिथे शिरली की ती तिथली होते. याची दुसरी बाजूही आहे: प्रवासात किंवा दुखण्यात नवी चांगली सवयसुद्धा तेवढ्याच सहज सुटते. परत आल्यावर पहिल्याच सकाळी ती सुरू करा, छोट्या प्रमाणात का होईना.

घरच्यांनी काय करावं?

चुकलं त्यावर बोट ठेवण्यापेक्षा जमलं तेव्हा एक वाक्य बोलावं. टोमणे आणि पहारा यांनी ताण वाढतो, आणि ताण हे बहुतेक वाईट सवयींचं निमित्तच असतं. प्रत्यक्ष मदत जास्त उपयोगी: ती वस्तू घरात न आणणं, संध्याकाळच्या फेरीला सोबत जाणं, तलफेच्या वेळी आलेला फोन उचलणं. कोणत्या शब्दांत आठवण केलेली चालेल, हे बदल करणाऱ्यालाच आधी विचारून घ्यावं.

नोंदी किती दिवस ठेवायच्या?

निमित्त आल्यावर ठरवण्याआधीच नवं काम सुरू झालेलं असतं, आणि एखाद्या दिवशी ते राहिलं तर चुकल्यासारखं वाटतं, इथवर आलात की रोजची नोंद थांबवा. साधारण चार आठवडे असं सलग जमलेलं असावं. त्यानंतर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पाच मिनिटं पुरतात. कागद टाकून देऊ नका. घर, नोकरी किंवा दिनक्रम बदलला, घरात आजारपण आलं, झोप बिघडली, की दोन आठवडे रोजची नोंद पुन्हा सुरू करा.